स्टीयरिंग वळवताना आवाज येतोय? रॅक बदलण्याआधी हे तपासा

‘स्टीयरिंग फिरवलं की आवाज येतो’ एवढंच सांगून गाडी गॅरेजमध्ये सोडू नका. तेवढ्यावर कोणीही थेट रॅककडे, म्हणजे स्टीयरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतं, आणि या सगळ्यात सर्वांत महाग पडतो तो रॅकच. आधी एक गोष्ट पक्की करा: आवाज गाडी चालताना येतो की उभी असतानाही?

चालताना येत असेल तर

काचा उतरवा, एसी बंद करा, मोकळ्या जागी स्टीयरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. एक्सिलरेटर दिला की टक-टक-टक वाढते? मग एक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) चाकाकडचा, बाहेरचा जॉइंट गेला. डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना डावा. आपल्याकडे सर्कलही उजवीकडे वळत पार करतो आणि यू-टर्नही उजवीकडेच. त्यामुळे आपल्या वडोदऱ्याच्या काळाघोडा सर्कलला टकटक ऐकू आली तर आधी डाव्या चाकामागे वाका. बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटून ग्रीस उडालेलं दिसेल. बूट फाटलाय पण आवाज अजून सुरू झालेला नाही, तर लगेच बूट आणि ग्रीस बदला. बहुतेक वेळा जॉइंट वाचतो.

वेगाबरोबर वाढणारी घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. पूर्ण वळणावरच खरखर येत असेल तर टायर फेंडरच्या आतल्या प्लास्टिकला घासतोय का, ते बघा.

उभी असतानाही येत असेल तर

ऑइलवाल्या पॉवर स्टीयरिंगमध्ये घूंऽऽ येत असेल तर ऑइलची पातळी बघा; शेवटच्या टोकाला थोडी घूं येतेच, तिथे धरून ठेवू नका. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पॉवर स्टीयरिंग इलेक्ट्रिक असतं, त्यात ऑइलच नसतं. तिथे ‘ऑइल टॉप-अप करू’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका.

खरी फसवणूक करतो तो ‘टंग’ असा, मध्येच एकदा येणारा आवाज. हा ओळखायला मलाही फार वेळ लागला, कारण आत बसून तो स्टीयरिंगमधूनच आल्यासारखा वाटतो. तो येतो पुढच्या शॉकअपच्या माथ्यावरच्या माउंटिंग बेअरिंगमधून. चाक वळलं की स्प्रिंगनेही सोबत फिरायचं असतं. धुळीने, गंजाने बेअरिंग जाम झालं की स्प्रिंग पिळत राहते आणि एकदम सुटते. स्टीयरिंग अडखळतं, वळणानंतर आपणहून नीट सरळ होत नाही. आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकांना यासाठी अख्खा रॅक सांगितला होता. निघालं हे बेअरिंग.

तपासणी अशी. गाडी सपाट जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. जॅक अजिबात लावायचा नाही, कारण गाडीचं वजन स्प्रिंगवर नसेल तर दोष लपतो. घरातल्या कोणालातरी इंजिन चालू ठेवून स्टीयरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. तुम्ही चाकाच्या वरून स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला बोटं हलकेच टेकवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोट घालायचं नाही, चाक आणि फेंडरच्या फटीत हात अडकू द्यायचा नाही, आणि ओढणी, सैल बाही दूर ठेवायची. चांगली स्प्रिंग एकसारखी फिरते. जाम झालेली थांबते आणि उडी मारते. कानाआधी बोटांना कळतं. दोन्ही बाजू तपासा.

झटका नाही, पण खड्ड्यांतही खटखट येते? मग जॅक आणि स्टँड लावून चाक डावी-उजवी धरून हलवा. खेळ (ढिलेपणा) जाणवला तर टायरॉड एंड, म्हणजे रॅक चाकाला जोडणारा सांधा. वर-खाली खेळ असेल तर बॉल जॉइंट (चाकाला खालून धरणारा सांधा) किंवा चाकाचं बेअरिंग.

‘टंग’ वाजणाऱ्या माउंटिंग बेअरिंगवर वरून स्प्रे मारायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. आवाज काही दिवस दबतो, बेअरिंग तसंच खराब राहतं. आणि बेअरिंग बदलायचं काम घरी तर मुळीच नाही: दाबलेली स्प्रिंग उसळली तर जीव जाऊ शकतो, त्याला स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात जी गाडी बुडाली होती, तिचं हे बेअरिंग आणि एक्सलचे बूट आवाज नसला तरी बघून घ्या.

गॅरेजमध्ये नेमकं सांगा: ‘उभ्या गाडीत उजवीकडे वळवताना डावी स्प्रिंग उडी मारते.’ दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलून घ्या, नंतर अलाइनमेंट करा. जुनी बेअरिंग परत मागा आणि हातात धरून फिरवून बघा. खराब असलेलं तिथल्या तिथे अडखळेल.