कल्पित जगातलं दुर्मीळ फळझाड रचताना या चुका टाळा

अद्भुतकथा लिहिणाऱ्यांच्या मसुद्यात एक झाड हमखास भेटतं. डोंगराच्या टोकावर उभं, शंभर वर्षांतून एकदा फळणारं आणि फळ तोंडात पडताच मरणाऱ्याला उठवून बसवणारं. वर्णन सुरेख असतं. पण नायकाच्या हाती फळ आलं की झाडाचं काम संपतं आणि पुढची दोनशे पानं त्याची कुणाला आठवणही येत नाही. याचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी असतं: झाड दुर्मीळ का आहे, हे लेखकाने ठरवलेलंच नसतं.

उदाहरणादाखल एक वेल घेऊ. नाव धुकवेल. दोन चंद्रांच्या जगात, समुद्राकडे तोंड केलेल्या कड्यांवर ती वाढते. आता ती बिघडते कुठे ते पाहू.

नुसता आकडा देणं

‘शंभर वर्षांतून एकदा’ हा आकडा झाला, कारण नव्हे. सह्याद्रीतली कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. सगळ्यांनी एकाच वेळी बी टाकलं की खाणारे कितीही आले तरी काही बी उरतंच, असं यामागचं एक कारण अभ्यासक सांगतात. पण खाणाऱ्यांचं पुढे काय होतं? मिझोरामकडे पाहा. तिथल्या मौताक बांबूला सुमारे ४८ वर्षांनी पेरूएवढी मांसल फळं लागतात. ती खाऊन उंदीर बेसुमार वाढतात आणि फळं संपली की भातशेतीत शिरतात. १९५९च्या फुलोऱ्यानंतर दुष्काळ पडला. सरकारी मदत अपुरी पडल्याचा राग साचला, दुष्काळनिवारणासाठी निघालेल्या संघटनेचा १९६१मध्ये राजकीय पक्ष झाला आणि १९६६मध्ये त्याच पक्षाने सशस्त्र उठाव केला. एका बांबूच्या फळापासून इथवर!

तेव्हा धुकवेल फळली की कड्याखालच्या गावात काय होतं, हे आधी लिहून काढा. फळांवर तुटून पडणारी वटवाघळं नंतर कुठे जातात? त्या वर्षी गावात लग्नं धरतात की टाळतात? कथेचा अर्धा जीव यातच असतो.

‘बी पेरलं का नाही?’ याचं उत्तर नसणं

हा प्रश्न वाचक विचारणारच. फळ इतकं मोलाचं, मग राजाने बाग का नाही लावली? ‘शाप आहे’ हे उत्तर आळशी वाटतं, आणि खरी झाडं त्याहून कितीतरी चांगली उत्तरं देतात.

जायफळाचं बी वाळलं की रुजत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात ते टिकवणं अवघड. शिवाय नर आणि मादी झाडं वेगळी. आपल्या कोकमाचंही तसंच: बियांपासून केलेली रोपं सहा-सात वर्षं वाढवावी लागतात आणि फुलल्यावर कळतं की यातली कितीतरी नर आहेत, त्यांना रातांबे धरणारच नाहीत. म्हणून कोकणातले बागायतदार कलमं लावतात. कलम बांधण्याची विद्या नसलेल्या जगात एखाद्या घराण्याने पिढीभर पहारा देऊन जपलेला वेल नर निघाला, तर तो प्रसंग कुठल्याही राक्षसापेक्षा जड जाईल.

व्हॅनिलाची अडचण आणखी वेगळी. मेक्सिकोतून वेल बाहेर गेले, फुलले, पण शेंगा धरेनात, कारण परागण करणारे तिथले कीटक सोबत गेले नव्हते. १८४१मध्ये हिंदी महासागरातल्या, फ्रेंच अमलाखालच्या रियुनियन बेटावर एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने परागण करण्याची सोपी रीत शोधली आणि धंदाच पालटला. साम्राज्याला न सुटलेलं कोडं ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही अशा मुलाने सोडवणं, असं पात्र आपल्या कथेत का नसावं?

फळ तयार होऊन हातात पडणं

इथे बहुतेक जण फारच घाई करतात. आंबा काढणाऱ्याला विचारा. झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी बांधलेल्या काठीने, देठ ठेवून फळ उतरवायचं, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, नाहीतर डाग पडतो आणि भाव पडतो. धुकवेलीचा चीक कातडी भाजणारा असू द्या. काढणारी बाई कोपरापर्यंत तेल चोपडते, देठ बोटभर ठेवून कापते आणि फळ उलटं धरून चीक खडकावर गळू देते. खडकावरच्या काळ्या डागांवरून तिला कळतं की आपल्या आधी कुणीतरी इथे येऊन गेलंय. एवढ्या चार ओळींत झाड खरं होतं आणि कथाही पुढे सरकते.

काढल्यावरही काम संपत नाही. रातांब्याच्या सालीचं आमसूल होतं, रसात मीठ घालून आगळ, बियांचं तेल थिजवून मुठेल. धुकवेलीच्या गरात संजीवनी असेल, तर सालीचं आणि बियांचं गरीब माणूस काय करतो, तेही ठरवा.

मालकी विसरणं

दुर्मीळ फळ असेल तिथे सत्ता पोचतेच. जायफळाच्या मक्तेदारीसाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरची बहुतेक वस्ती मारून टाकली किंवा हाकलून दिली. कड्यावरचं फळ तोडणारे, विकणारे आणि खाणारे हे तीन वेगळे लोक असतात. मसुद्यात फक्त खाणारे दिसत असतील, तर तिथेच थांबा.

मसुदा अडला तर

नायक फार सहज पोचतोय? लगेच वाटेवर अजगर बसवू नका, वेळ कमी करा. व्हॅनिलाचं फूल उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. धुकवेलीचं फळ काढल्यावर धुकं विरेपर्यंतच टिकत असेल, तर ते आजाऱ्यापर्यंत न्यायचं की आजाऱ्याला कड्यावर आणायचं, हा पेच आपोआप उभा राहतो.

फळ सगळे प्रश्न सोडवतंय? मात्रा ठरवा. कच्चा बिब्बा अंगावर फोड आणतो आणि शोधन केलेला, म्हणजे प्रक्रिया करून त्यातला दाहकपणा काढलेला, औषधात जातो. तसं काहीतरी हवं, आणि ते शोधन येणारा माणूस एकच असावा.

झाडाची सगळी माहिती पहिल्याच प्रकरणात एखादा म्हातारा ऋषी सांगतोय? ते पान काढून टाका. मालदीवच्या किनाऱ्याला दर्याई नारळ वाहत यायचे तेव्हा लोक समजत, हे झाड समुद्राच्या तळाशी वाढतं. झाडं होती दूर सेशेल्समध्ये, डोंगरउतारांवर. तुमच्या जगातही बाजारातल्या माणसाला धुकवेलीबद्दल काहीतरी चुकीचं, पण ठाम सांगू द्या, आणि खरं काय ते तेल चोपडलेल्या हातांच्या त्या बाईकडून उशिरा कळू द्या.