शंभरच्या वेगाला इंजिन किंचाळायचं: मागच्या ॲक्सलचा रेशो असा ठरवला

जुनी मागच्या चाकांवर चालणारी गाडी, चार गिअर, टॉप 1:1. ताशी 100 किमीला इंजिन साडेतीन हजार आरपीएमवर. कार्बोरेटर ट्यून केला, फरक शून्य. मोठे टायर वळणावर मडगार्डला घासले. मग अंदाजानेच 3.08 चा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी; रेशो म्हणजे मोठ्या क्राउनचे दात भागिले छोट्या पिनियनचे दात) बसवला; चढावर गाडी उचलताना क्लच जळाल्याचा वास यायला लागला. दोनदा ॲक्सल उघडून जीव मेटाकुटीला आला होता.

शेवटी आधी मोजलं. मूळच्या जोडाचे दात मोजले: क्राउनचे 37, पिनियनचे 9, म्हणजे 4.11. मग टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण केली, आत माणूस बसवून गाडी चाकाचा एक पूर्ण फेरा ढकलली: 1.95 मीटर. टायरवरच्या आकड्यांवरून काढू नका, वजनाने टायर दबतो.

आरपीएमचं सूत्र: वेग (ताशी किमी) × 16.67 ÷ फेऱ्याचं अंतर (मीटर) × ॲक्सल रेशो × टॉप गिअर रेशो. 100 ला 4.11 ने 3,513 आरपीएम, 3.08 ने 2,632, 3.73 ने 3,188.

पण पहिला गिअरही बघा, मी इथेच चुकलो. माझा 3.2 आहे. 3.08 ने गुणला तर जेमतेम 9.9, 3.73 ने 11.9; हा आकडा जितका कमी, तितका गाडी उचलताना जोर कमी. म्हणून 3.73 घेतला. क्राउन आणि पिनियन एकाच जोडीचे घेतले, मॅन्युअलप्रमाणे बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) लावला, दातांवर रंग लावून ठसा मधोमध येईपर्यंत शिम (जाडी जुळवायच्या पातळ चकत्या) बदलले. स्पीडोमीटरचा गिअरही बदलावा लागला. नाहीतर 100 ला काटा 91 दाखवतो.

आता चढावर क्लच न तापता गाडी उचलते.