विमानतळावरून परत यायचं नसेल तर या चुका टाळा

गोव्यातल्या फोंड्यात तिकिटं काढून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. कोविडच्या काळात आखातात, जहाजावर, इंग्लंडला जाणाऱ्यांचे कागद रोज हातात यायचे आणि चुका त्याच त्याच. आता लोक म्हणतात, ते दिवस गेले. चुका गेलेल्या नाहीत, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महागात पडते ती तास मोजण्यातली चूक. 2021 च्या डिसेंबरात दुबईला जायला 48 तासांच्या आतला आरटीपीसीआर लागायचा, आणि हे तास नाकात काडी घातली त्या मिनिटापासून सुरू व्हायचे. शिरोड्याच्या एका मुलाला मी हे दोनदा सांगितलं होतं. तिकडे हॉटेलात कुक, सुट्टी संपत आलेली. त्याने बुधवारी सकाळी नऊला मडगावात स्वॅब दिला, रिपोर्ट रात्री मोबाईलवर आला, आणि पठ्ठ्याने तास तिथून मोजले. गुरुवारी संध्याकाळी कोकणकन्या, शुक्रवारी पहाटे मुंबई, दुपारी चारला विमान. रिपोर्टवर तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतल्याची, लॅबला पोचल्याची आणि रिपोर्ट दिल्याची. काउंटरवरच्या मुलीने पहिलीवर बोट ठेवलं. 55 तास झाले होते. ‘काका, रिपोर्ट परवा रात्रीचाच आहे ना?’ फोनवर त्याला रडू आवरत नव्हतं. तिकीट बुडालं, रुजू व्हायची तारीख चुकली, मालकाने दुसरा कुक ठेवला.

तेव्हापासून मी वहीच्या पानावर तळाला विमान सुटायची वेळ लिहितो आणि तिथून उलटे तास मोजत वर येतो. दुबईसाठी विमानतळावर पुन्हा रॅपिड पीसीआर व्हायची, तीही सुटायच्या आधीच्या सहा तासांत. म्हणून ती पण वहीत. आणि मुंबईहून विमान असेल तर गोव्यात स्वॅब देऊच द्यायचो नाही. आदल्या दिवशी मुंबई गाठा, मावशीकडे राहा, तिथे द्या, असं सांगायचो. ‘एवढं कशाला?’ असं विचारणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगायचो.

दुसरं, नाव. आपल्या गोव्यात हे फार. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवरून पासपोर्टवर ‘कामोतिम’, आधारावर ‘कामत’, आणि लस आधारावर घेतलेली, म्हणजे प्रमाणपत्रावर कामतच. कोविनवर पासपोर्ट नंबर जोडायची सोय 2021 च्या जूनमध्ये आली, पण नाव दुरुस्त करायची संधी एकदाच. घाईघाईत त्यातही स्पेलिंग चुकवणारे मी पाहिलेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर बोट लावून वाचा. वाचणारा दुसरा असला तर आणखी बरं. मी बायकोला वाचायला लावतो.

घोषणा ऐकून तिकीट काढू नका. 26 नोव्हेंबर 2021 ला जाहीर झालं की 15 डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू. त्याच दिवशी ओमिक्रॉनचं नाव पुढे आलं, 1 डिसेंबरला निर्णय थांबवला गेला, आणि विमानं सुरू झाली ती 27 मार्च 2022 ला. घोषणा झाली आणि निर्णय थांबला, त्या मधल्या पाच दिवसांत धावत येऊन तिकीट काढणाऱ्यांचे पैसे परत मिळवताना माझे महिने गेले.

स्वस्त म्हणून दोन वेगळी तिकिटं जोडून जाऊ नका. मधल्या देशाचे नियमही तुम्हालाच लागतात. कोविडच्या काळात भारतात परतताना लागणारा एअर सुविधाचा फॉर्मही रांगेत उभं राहून नव्हे, आधी बसून भरायचा असायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला नियम हा नियम नव्हे.

स्वॅब न देता निगेटिव्ह रिपोर्ट मिळवून देतो म्हणणारेही भेटले. अशा माणसाला मी दुकानात बसू दिलं नाही. विमानात शेजारी कुणाची तरी म्हातारी आई बसलेली असते.

आता हाच उतावळेपणा पिवळ्या तापाच्या लशीत दिसतो. आपले तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, जहाजावर चढायच्या तीन दिवस आधी लस घेऊन येतात आणि कार्ड पुढे करतात. ते कार्ड लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. करार हातात आला की त्याच आठवड्यात लस घ्या, पासपोर्ट सोबत न्या, आणि कार्डावर नाव लिहिताना समोर उभे राहून बघा.