ग्रामपंचायतीचा हिशेब विचारताय? या चुका टाळा

मराठवाड्यात ग्रामपंचायतीच्या खर्चाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा निवडणूक तोंडावर आल्यावर, नाहीतर पहिल्याच पावसात रस्ता उखडल्यावर. तोपर्यंत बिल निघालेलं असतं, मोजमाप लिहून झालेलं असतं आणि सभेचं प्रोसिडिंग (इतिवृत्त) बंद झालेलं असतं. मग उरतात फक्त आरोप. त्याने गावात दोन गट पडतात, हिशेब मात्र हाती लागत नाही. प्रश्न वेळेत आणि नेमक्या कागदावर बोट ठेवून विचारला, तर एकटा मतदारही बरंच काही थांबवू शकतो. त्यासाठी पुढच्या चुका टाळायला हव्यात.

कोरम होणार नाही म्हणून घरी बसणं

ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजेच कोरम, असतो एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यातला जो आकडा कमी असेल तो. "माणसं जमणार नाहीत, सभा काही होत नाही," असं म्हणून आपण शेतात निघून जातो. सभा तहकूब होते. पण तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. दहा-पंधरा जण बसतात, विषय वाचले जातात आणि सगळे ठराव "सर्वानुमते मंजूर" होतात. म्हणून पहिल्या सभेला गेला नसाल तरी चालेल, तहकूब सभेची तारीख मात्र विचारून ठेवा आणि तिला जा.

सही करतानाही जपा. हजेरी म्हणून प्रोसिडिंग बुकात सही घेतात आणि ठराव नंतर सावकाश लिहितात, असं बऱ्याच गावांत चालतं. सहीच्या वर किती जागा कोरी सोडली आहे ते बघा. ठराव लिहून झालेला नसेल तर तो आधी वाचून दाखवायला सांगा. लिहिणाऱ्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल, संकोच होईल, तरी सांगा. पुढे लेखापरीक्षणात हाच ठराव खर्चाचा आधार म्हणून दाखवला जातो.

"आधी घरपट्टी भरा, मग बोला," हे वाक्यही ठरलेलं आहे. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो, थकबाकी असली तरी. पण घरपट्टी-पाणीपट्टी भराच. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मूळ वसुलीच नसेल तर या टक्क्यांत काय येणार?

काम झाल्यावर मोजायला जाणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा वस्तीवरच्या सिमेंट रस्त्याच्या अंदाजपत्रकात लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर आणि काँक्रीटची जाडी 15 सेंटिमीटर आहे. म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात 10 सेंटिमीटरच टाकलं तर 30 घनमीटर लागतं. एक तृतीयांश माल वाचला, आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. लांबी-रुंदी टेपने कधीही मोजता येते. जाडी मात्र कडेची पत्र्याची चौकट लावलेली असते आणि काँक्रीट पडायचं असतं, त्याच दिवशी मोजता येते. चौकटीला पट्टी लावा, कडेला मोजा, मध्येही मोजा (मध्ये मुरूम फुगवून ठेवलेला असतो), आणि पट्टीवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्यासाठी अंदाजपत्रक आधी हातात हवं. ते कामाच्या आदेशाबरोबरच मागा. पुढे मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एम.बी. म्हणतात ती, मिळाली की तिच्यातले आकडे तुमच्या फोटोशेजारी ठेवा. कामावर फलक लावलाय का, त्यावर योजनेचं नाव आणि रक्कम आहे का, तेही टिपून ठेवा. वित्त आयोग, पंचवीस-पंधरा (2515 या लेखाशीर्षाचा राज्याचा निधी), दलित वस्ती सुधार, आमदार निधी अशा निरनिराळ्या वाटांनी पैसा येतो. फलक नसेल तर एकच नाली दोन योजनांत दाखवली गेली तरी कळायला मार्ग राहत नाही.

ज्याचा पैसा नाही त्याला जाब विचारणं

उन्हाळ्यात टँकर आला नाही की पहिला भडका सरपंचावर उडतो. टँकरचा खर्च टंचाई निधीतून होतो, मंजुरी महसूल आणि पंचायत समितीच्या पातळीवर असते. ग्रामपंचायतीचं काम प्रस्ताव देण्याचं आणि खेपा नीट नोंदवण्याचं. टंचाईत माणशी रोज 20 लिटर धरतात. गावाची आणि तांड्याची मिळून 1800 वस्ती असेल तर 36,000 लिटर झाले, म्हणजे 12,000 लिटरच्या टँकरच्या तीन खेपा. मंजूर खेपा किती, टँकरच्या लॉगबुकात (खेपांच्या नोंदवहीत) किती आणि विहिरीत उतरल्या किती, हे तीन आकडे विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका सगळ्यांत अचूक सांगतात. लॉगबुकावर सही त्यांची घ्यावी, घरी बसलेल्या सदस्याची नको. आणि तक्रार जिथून बिल निघतं तिथे, म्हणजे पंचायत समितीत आणि तहसीलला द्यावी.

निधीच्या बाबतीतही असाच घोळ होतो. 2021-22 ते 2025-26 या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या मूळ अनुदानातला 60 टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता. त्यातून रस्ता का केला नाही, हा प्रश्नच चुकीचा. त्यातून पाण्याचं काय केलं, हे विचारा.

आराखड्यातली रक्कम आलेली समजणं

ई-ग्रामस्वराज या केंद्र सरकारच्या पंचायतींसाठीच्या संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की गावाचा विकास आराखडा दिसतो. त्यातली बेरीज करून "गावाला एवढे लाख आले, कुठे गेले?" असा मेसेज व्हॉट्सअपवर फिरतो. आराखडा म्हणजे करायच्या कामांची यादी. जमा किती झाले आणि खर्च किती झाला, हे त्याच संकेतस्थळावर वेगळं दिसतं. चुकीच्या आकड्याचा एक मेसेज पुरतो, मग ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय) पुढचे सगळे खरे प्रश्नही उडवून लावतो.

पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांची डिजिटल सही लागते. सरपंच ताईंची ही सहीची चावी (पेनड्राइव्हसारखी असते ती) नवऱ्याकडे नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते. ताई, ती तुमच्या जवळ ठेवा. पासवर्ड स्वतः टाका आणि बिल वाचल्याशिवाय टाकू नका. पुढे वसुली निघाली तर नोटीस तुमच्या नावाने येते.

"ऑडिट झालंय" यावर समाधान मानणं

ऑडिट होणं आणि ते स्वच्छ निघणं या वेगळ्या गोष्टी आहेत. स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या अहवालात आक्षेप असतात, प्रमाणकं (व्हाउचर) नसलेले खर्च असतात, वसूलपात्र रकमा असतात. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचे हिशेब, प्रशासन अहवाल आणि शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी तिच्यावरच्या उत्तरांसह ठेवावी लागते. ही सभा बऱ्याच गावांत 1 मेला होते. झेंडावंदन उरकून लोक पांगतात आणि वर्षातला सगळ्यांत मोठा कागद न वाचताच राहतो. तो वाचायला लावा. मागचे किती आक्षेप निकाली निघाले, एवढाच एक प्रश्न विचारलात तरी चालेल.

माहिती अधिकारात सगळंच मागणं

"गेल्या पाच वर्षांतील सर्व कामांची सर्व कागदपत्रे द्यावीत." असा अर्ज पडून राहतो. आपल्या राज्यात अर्जाला एक विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. एक काम धरा आणि अमुक रस्त्याचं अंदाजपत्रक, एम.बी.ची पानं, बिलं आणि त्या महिन्याच्या रोकड वहीची, म्हणजे नमुना 5 ची, नक्कल एवढंच मागा. कागद जास्त असतील तर प्रत्यक्ष पाहणी मागा. कामाची पाहणी करायचा आणि वापरलेल्या मालाचा प्रमाणित नमुना घ्यायचा हक्कही याच कायद्यात आहे.

10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिला की तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, ते पंचायत समितीत जातं. तिथेही दाद लागली नाही तर 90 दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातं. पोच हरवली तर अर्ज कधी दिला हेच दाखवता येत नाही. म्हणून तिचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स शेजारच्या घरी देऊन ठेवा.