जुन्या लॅपटॉपचं झाकण उघडण्याआधी

सहा-सात वर्षांपूर्वी घेतलेला लॅपटॉप, आत फिरणारी हार्ड डिस्क, चार जीबी रॅम. बटण दाबून चहा टाकावा आणि तो पिऊन झाल्यावर कुठे पासवर्ड विचारला जावा. असे लॅपटॉप घरोघरी आहेत. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि थोडी रॅम (चालू कामासाठीची मेमरी) घातली तर त्यातले बरेचसे अजून काही वर्षं सुखाने चालतात, आणि हे काम घरी करण्यासारखं आहे. झाकण काढून डिस्क बदलायला अर्धा-पाऊण तास पुरतो. घोडं अडतं ते भलतीकडेच: पासवर्ड कुणालाच आठवत नाही, ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचा रिचार्ज संपलेला, मराठी फाइली उघडतात पण वाचता येत नाहीत. म्हणून ही यादी जवळजवळ सगळी झाकण उघडण्याआधीची आहे.

पहिलं कलम असं की लॅपटॉप आणि फोन एकाच आठवड्यात बदलायला घेऊ नका. दिवाळीच्या सेलमध्ये नवा फोन येतो आणि त्याच उत्साहात लॅपटॉपही उघडला जातो. पण लॅपटॉपच्या खात्याचा ओटीपी फोनवर येणार असतो आणि फोनमधले जुने फोटो लॅपटॉपवर उतरवलेले असतात. एकाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. एक धडधाकट असेल तेव्हाच दुसऱ्याला हात लावायचा.

मग दुखणं नक्की काय आहे ते बघा. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’वर जा. काहीही चालू नसताना डिस्क शंभर टक्क्यांवर टेकलेली असेल तर एसएसडीने फरक पडेल. दोन-चार टॅब उघडल्यावर मेमरी नव्वदीच्या पुढे जात असेल तर रॅमही हवी. प्रोसेसरच सतत शंभरावर असेल आणि पंखा घरघरत असेल, तर खरेदीला जाण्याआधी जाळीतली धूळ काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची तब्येत दाखवतो. त्यात पिवळा ‘कॉशन’ दिसला तर ही यादी तिथेच थांबवून आधी डेटा उतरवून घ्या, आणि त्या डिस्कवर तोवर दुसरं काही करू नका. बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’, मग जागा सोडून ‘/बॅटरीरिपोर्ट’ असं (अर्थात इंग्रजी अक्षरांत) लिहिलं की अहवाल तयार होतो. कारखान्यातून निघतानाची क्षमता आणि आजची क्षमता त्यात शेजारीशेजारी असतात. निम्म्याहून खाली आली असेल तर बॅटरीचाही खर्च धरा. टचपॅड वर उचललं गेलंय किंवा झाकण नीट बसत नाही असं दिसलं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जिंगला तर लावायचीच नाही. लॅपटॉप बंद करून थेट दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा.

विंडोजचा निर्णयही आधीच घ्या. विंडोज १० चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. नोंदणी केली तर घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ‘टीपीएम सापडलं नाही’ असा संदेश आला म्हणून निराश होऊ नका. अनेक लॅपटॉपमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या, मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद असतं: इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने. प्रोसेसरच सहाव्या पिढीचा असेल तर आडवाटेने विंडोज ११ घुसवण्याच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर आहेत. आईबाबांच्या मशीनवर मी त्या करणार नाही. पुढे कधीतरी अपडेट अडकतं आणि फोन आपल्यालाच येतो. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच चालतं त्यांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली लावून द्यावी.

आता खरेदी. दुकानात जाण्याआधी लॅपटॉपच्या तळाच्या लेबलचा फोटो काढा आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा. रॅमचे स्लॉट किती आणि मोकळे किती हे टास्क मॅनेजर सांगतो, पण रॅमची एक पट्टी बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असेल तर ती बदलता येत नाही. ते मॅन्युअलमध्ये कळतं. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या रॅमच्या पिढ्यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दोन्ही सारख्या दिसतात आणि बसतातही, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ वर, नंतरच्या बऱ्याच लॅपटॉपना ‘एल’वालीच लागते. एसएसडीत घोळ आणखी मोठा. जुन्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी येते, ती डोळे मिटून घ्या. एम.२ ची पट्टी (थेट बोर्डावर बसणारी छोटी एसएसडी) घ्यायची असेल तर स्लॉट साटाचा आहे की एनव्हीएमईचा (या जोडणीच्या दोन पद्धती) हे बघूनच घ्या, कारण दोन्ही पट्ट्या बहुधा २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असतात आणि चुकीची पट्टी अनेकदा बसूनही बायोसला दिसत नाही. एनव्हीएमईचा वेग कागदावर कितीतरी जास्त असला तरी त्यासाठी जीव टाकू नका. फिरणारी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. आणि रोजच्या वापरात जाणवतं ते बारीकसारीक फाइली पटापट सापडणं, जे दोन्हींत मिळतं.

सुटे भाग मिळण्याचे बाजार म्हणजे पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. ऑनलाइनपेक्षा तिथे स्वस्त मिळतं की नाही हे त्या दिवसावर आणि तुमच्या घासाघीसीवर. पण जीएसटीचं पक्कं बिल घ्या. ‘बिलाशिवाय दोनशे कमी’ ऐकायला बरं वाटतं, वॉरंटीच्या वेळी तेच दोनशे महागात पडतात. आणि एक टीबीचा पेनड्राइव्ह तीनशे रुपयांत मिळत असेल तर तो एक टीबीचा नाही. अशा नगांची खरी क्षमता एच२टेस्टडब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम लिहून-वाचून तपासतो. बॅकअप त्यावर घ्यायचा असेल तर ही तपासणी आधी.

बॅकअपला सबंध रविवार द्या. फोटो आणि ‘डॉक्युमेंट्स’ सगळेच घेतात. राहतं ते डेस्कटॉपवरचं, डाउनलोड्समधलं आणि डी ड्राइव्हवर ‘नवीन’, ‘नवीन २’ अशा फोल्डरांत पडलेलं. ब्राउझरचे बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड खात्याशी जोडलेले आहेत का बघा. घरात टॅली चालत असेल तर कंपनीच्या डेटाचं फोल्डर उचला आणि टॅलीचा परवाना जुन्या विंडोजमधून ‘सरेंडर’ करा, नाहीतर नव्यावर तो चालू करताना खेटे पडतात. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचं ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) कुठून मिळतं ते लिहून ठेवा. बॅकअपचा पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणार नाही आणि लग्नाचा व्हिडिओ नेमका मोठा असतो. तो आधी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. कॉपी झाली की ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावून चार फाइली उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

मराठी घरांत एक गोष्ट हमखास निसटते, ती म्हणजे जुने फॉन्ट. सोसायटीचे ठराव, पतसंस्थेची पत्रं, आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ, मंडळाच्या स्मरणिकेचे लेख असं बरंच काही श्री-लिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या सुरेखमध्ये पडून असतं. या फाइलींत देवनागरी नसतंच. आत असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत, आणि फॉन्ट त्यांवर मराठी आकार चढवतो. फॉन्ट गेला की उरतो निव्वळ कचरा. फाइल शाबूत, मजकूर अगम्य. त्यामुळे जुनं विंडोज जिवंत आहे तोवरच तीन कामं करा. विंडोजच्या फॉन्ट्सच्या फोल्डरातून हे सगळे फॉन्ट बॅकअपमध्ये घ्या. महत्त्वाच्या प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून ठेवा, म्हणजे निदान वाचता आणि छापता येईल. मग सवडीने मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या देवनागरीत) आणा, पण जोडाक्षरं आणि रफार नीट उतरलेत का हे ओळ न् ओळ वाचून तपासावं लागतं. यंत्रावर विसंबू नका. श्री-लिपीच्या काही आवृत्त्या डोंगलशिवाय (मशीनला जोडायच्या परवान्याच्या खुंटीशिवाय) सुरू होत नाहीत, तो डोंगल ड्रॉवरमध्ये शोधून ठेवा. नवीन मजकुरासाठी या खटाटोपाची गरज नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे, आणि इनस्क्रिप्ट त्याच्याही आधीपासून आहे. रेमिंग्टनवर (टाइपरायटरच्या जुन्या मांडणीवर) बोटं बसलेल्या माणसाला मात्र हे सांगून उपयोग नाही. त्याला त्याचाच लेआउट लावून द्या.

आता किल्ल्या. बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का हे सेटिंग्जमध्ये बघा. अनेकांनी तो स्वतः कधी चालू केलेला नसतो, लॅपटॉप खात्याशी जोडताना तो आपोआप लागलेला असतो. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात मिळते; ती कागदावर उतरवा आणि आकडे दोनदा ताडून बघा. बायोसमध्ये बदल केला, किंवा जुनी डिस्क काढून यूएसबीने जोडली, की हीच की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला, आणि इथे कुठलाही ओळखीचा दुरुस्तीवाला कामाला येत नाही. त्या खात्यात शिरण्यासाठी ओटीपी कुठल्या नंबरवर येतो हेही त्याच वेळी बघून घ्या. तो नंबर कुणाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा असेल तर आजच बदला. विंडोजच्या परवान्याची काळजी नको, तो मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असतो आणि डिस्क बदलल्याने जात नाही.

जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवायची की कोरं विंडोज टाकायचं? सहा-सात वर्षांच्या मशीनवर मी कोऱ्याच्या बाजूने आहे. क्लोन केलं की कचराही क्लोन होतो. टॅलीसारखं बसवायला किचकट काही असेल तर डिस्कची नक्कल करणारा क्लोनझिला आहे. कोऱ्यासाठी किमान आठ जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा करा आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने त्यावर विंडोज चढवा. त्याच पेनड्राइव्हवर लॅपटॉपच्या वायफायचं ड्रायव्हर टाका. विंडोज ११ होम बसतानाच इंटरनेट मागतं, आणि वायफाय ओळखलंच गेलं नाही तर तुम्ही त्या पडद्यावर अडकून बसता. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग केलं की बहुतेक वेळा सुटका होते. फोन धडधाकट ठेवायला सांगितलं ते यासाठीही.

टेबलाची तयारी थोडक्यात. बारीक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, झाकणाच्या खाचा सोडवायला जुनं प्लॅस्टिकचं कार्ड, आणि एक कागद. कागदावर लॅपटॉपच्या तळाचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा, कारण त्यांच्या लांब्या वेगळ्या असतात आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वर कीबोर्डाला टोचतो. गालिचा आणि लोकरी शाल लांब, त्यांच्या घर्षणाने साठणारी स्थिर वीज भागांना मारक असते. शिफ्ट धरून ‘शट डाउन’ करा, म्हणजे मशीन अर्धवट झोपत नाही, पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा, मग बाकीचं. बायोस अपडेट करायचं असेल तर ते झाकण उघडण्याच्या आदल्या दिवशी, बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असताना. पावसाळ्यात वीज ये-जा करत असेल त्या संध्याकाळी तर नकोच.

जोडून झाल्यावर पडदा काळाच राहिला तर घाबरू नका. नवी रॅम घातल्यावर पहिल्या वेळी मशीन एखाद-दोन मिनिटं गप्प बसू शकतं. त्यानंतरही काही नाही, तर रॅम काढून खटकन बसेपर्यंत पुन्हा लावा. तरीही नाही, तर फक्त जुनी रॅम लावून बघा. एका वेळी एकच बदल.

फोनची पाळी लॅपटॉप नीट चालू लागल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आता गूगलच्या १५ जीबीत मोजला जातो, त्यामुळे जागा आहे का ते बघा. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो लिहून ठेवा, विसरला की व्हॉट्सअ‍ॅपही तो परत देत नाही. ऑथेंटिकेटरमधली (लॉगिनचे कोड देणाऱ्या अ‍ॅपमधली) खाती नव्या फोनवर हलवल्याशिवाय जुना पुसू नका. यूपीआय नव्या फोनवर चालू होताना त्याच सिममधून एसएमएस जातो, म्हणून एसएमएस जाईल असा रिचार्ज हवा, आणि सुरुवातीला रकमेवर मर्यादा असते. घरभाड्याच्या तारखेला हा उद्योग करू नका. *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) लिहून घ्या. फोनची बॅटरी किंवा काच मात्र घरी बदलायच्या भानगडीत पडू नये, गोंद तापवून सोडवताना बॅटरीला पातं लागलं तर आग लागू शकते.

काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. तीन-चारशे रुपयांच्या यूएसबी केसमध्ये घालून कपाटात ठेवा. मार्चअखेरीस कुणीतरी विचारतंच की गेल्या वर्षीचं ते प्रमाणपत्र कुठे आहे.