हायड्रोजच्या ड्रममधून धूर येतोय, पाणी मारायचं की वाळू टाकायची?

आपोआप पेटणाऱ्या केमिकलची आग म्हटली की एक जण ओरडतो पाणी अजिबात मारू नका, दुसरा म्हणतो बंब येईपर्यंत बादल्या ओता. खरं सांगायचं तर केमिकल कोणतं त्यानुसार दोघंही बरोबर ठरू शकतात आणि चुकलं तर दोघांपैकी कुणाच्याही सल्ल्याने जीव जाऊ शकतो. म्हणून फायर ब्रिगेडवाले अशा कॉलला काय करतात, कोणत्या क्रमाने करतात आणि तोपर्यंत तिथल्या माणसांनी काय करायचं ते नीट लिहितोय.

उदाहरण घेतोय सोडियम हायड्रोसल्फाइटचं, म्हणजे आपलं हायड्रोज. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर कुठल्याही डाईंगमध्ये जा, ही पांढरी पावडर असतेच, आणि गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांतही वापरतात. लोखंडी ड्रम, आत प्लॅस्टिकची पिशवी. ड्रमवर चौकोनी तिरकं लेबल असतं, वरचा अर्धा भाग पांढरा, खालचा लाल, वर ज्वाळेचं चित्र आणि खालच्या टोकाला ४. हे आपोआप पेटणाऱ्या मालाचं, म्हणजे क्लास ४.२ चं लेबल.

गडबड इथेच होते, कारण या एकाच लेबलखाली एकमेकांच्या पूर्ण उलट वागणाऱ्या वस्तू येतात. पांढरा फॉस्फरस हवा लागली की साधारण तीसेक डिग्रीलाच पेटतो, म्हणून तो साठवतातच पाण्याखाली, आणि त्याच्या आगीला पाणी किंवा ओली वाळू चालते. ट्रायइथाइल अॅल्युमिनियमसारखे पदार्थ हवेतही पेटतात आणि पाणी लागलं की आणखी भडकतात, तिथे कोरडी वाळू किंवा ड्राय पावडरच. आणि हायड्रोज तिसऱ्याच तऱ्हेचं, थोडं पाणी लागलं की तापतं, भरपूर पाणी मिळालं की शांत होतं, आणि वर वाळू टाकून काही उपयोग नाही कारण जळायला त्याला बाहेरची हवा लागतच नाही. चुन्याच्या कळीवर पाणी शिंपडलं की ती कशी रटरटते, आणि तीच बुडेल इतकं पाणी असलं तर उष्णता पाण्यात जिरते, तसलाच प्रकार समजा.

त्यामुळे पहिलं काम नोझल उघडणं नाही, नाव शोधणं. हे मी पुन्हापुन्हा सांगेन. नाव लांबूनच शोधायचं, दुर्बिणीने ड्रम वाचा, गेटवरच्या माणसाला विचारा, स्टोअरकीपरला फोन लावा, ट्रक असेल तर मागच्या इमर्जन्सी पॅनलवर मालाचं नाव आणि फोन नंबर असतो आणि ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड, म्हणजे मालाचा धोका आणि अपघातात काय करायचं ते लिहिलेला कागद, असायला हवं. १०१ किंवा ११२ ला फोन करणाऱ्यानेही नुसतं "हायड्रो जळतंय" म्हणू नका, ऐकणाऱ्याला हायड्रोजन वाटेल नाहीतर हायड्रोक्लोरिक. पूर्ण नाव सांगा, सोडियम हायड्रोसल्फाइट, आणि ड्रमवरचा चार आकडी यूएन नंबर सांगा, १३८४. किती ड्रम आहेत, शेजारी काय ठेवलंय, आत कुणी अडकलंय का, एवढं सांगितलंत तरी निम्मं काम झालं.

नंबर कळला की जवान इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक उघडतात. हे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचं पुस्तक आहे, फुकट अॅपही आहे, २०२४ ची आवृत्ती सध्या चालू आहे. त्यात १३८४ समोर गाइड १३५ लिहिलंय. त्या गाइडमध्ये आधी सरळ लिहिलंय की या मालावर पाणी, कार्बन डायऑक्साइड, फोम काही मारू नका, आणि लगेच खाली अपवाद दिलाय की १३८४ आणि त्याचे काही भाऊबंद असतील तर मात्र पाण्याचा पूर सोडा. घाईत वरची ओळ वाचून पुस्तक मिटलं तर माणूस नेमकं चुकीचं करणार, म्हणून ते पान आगीच्या दिवशी नाही, आधीच सावकाश वाचून ठेवा.

दुसरं काम अंतर. गाडी वारा जिकडून येतो त्या बाजूला, म्हणजे वारा आपल्या पाठीवर येईल अशी लावायची, आणि सखल जागा टाळायची. हायड्रोज जळताना सल्फर डायऑक्साइड निघतो, काडेपेटी पेटवताना नाकात जातो ना तसला झोंबणारा वास, हा गॅस हवेपेक्षा दुपटीहून जड असतो त्यामुळे गटारीत, तळघरात, लोडिंगच्या खड्ड्यात साचून राहतो. नुसती पावडर सांडली असेल तर सगळ्या बाजूंनी निदान २५ मीटर मोकळं करा, द्रव असेल तर ५० मीटर, आणि अख्खा टँकर किंवा रेल्वे वॅगन आगीत सापडली असेल तर ८०० मीटर. बघे लोक मोबाइल काढून उभे राहतात त्यांना हटवणं हेही फायरचंच काम आहे, पोलिस येईपर्यंत थांबू नका.

तिसरं, अंगावर काय. बीए सेट, म्हणजे पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मास्क, लावल्याशिवाय कुणीही आत जायचं नाही, तोंडाला ओला रुमाल बांधून तर नाहीच नाही. आगीत घालायचा नेहमीचा सूट उष्णतेपासून वाचवतो पण केमिकलपासून फारसा नाही. आग नाही, नुसती गळती आहे अशा वेळी तर पूर्ण बंद केमिकल सूट लागतो, तो स्टेशनला नसेल तर शेजारच्या मोठ्या कंपनीकडून म्युच्युअल एडमध्ये, म्हणजे एकमेकांना मदत करायच्या ठरावाखाली, मागवा आणि येईपर्यंत लांब थांबा.

आता पाणी. हायड्रोजवर पाणी सुरू करायच्या आधी ते पुरणार आहे का हे बघा, एक बंब रिकामा झाला आणि दुसरा वीस मिनिटांनी आला तर मधल्या वेळात ओली झालेली पावडर तापत बसणार. आधी टँकरची रांग किंवा हायड्रंट पक्का करा, मगच लाइन उघडा, आणि उघडली की हात आखडू नका. शक्य असेल तर मॉनिटर, म्हणजे एका जागी बसवलेली पाण्याची तोफ, लावून माणसं मागे घ्या. शेजारचे कोरडे, बंद, थंड ड्रम सुरक्षितपणे हलवता आले तर हलवा, पण ज्याचा रंग फुगून पापुद्रे आलेत किंवा झाकण वर आलंय त्याला हात लावू नका, झाकण उघडून आत बघणं तर अजिबात नको.

हे का म्हणतोय त्याला कारण आहे. २१ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या लोडाय गावी नॅप टेक्नॉलॉजीज नावाच्या कारखान्यात हेच सोडियम हायड्रोसल्फाइट अॅल्युमिनियम पावडरीसोबत एका ब्लेंडरमध्ये मिसळत होते आणि आत पाणी शिरलं. मिश्रण तासन् तास आतल्या आत तापत राहिलं. कामगारांना बाहेर काढलं होतं, पण नंतर काही जण ब्लेंडर रिकामा करायला परत आत गेले आणि तेव्हाच स्फोट झाला, पाच कामगार गेले. आत शिरलेलं पाणी थोडंच होतं, विझवायला पुरेल एवढं नव्हतं. आणि अॅल्युमिनियम पावडर मिसळलेली असली की भरपूर पाण्याचा नियमही डोळे झाकून लावता येत नाही, कारण तापलेलं अॅल्युमिनियम पाण्याशी हायड्रोजन देतं. म्हणून शेजारी काय ठेवलंय हा प्रश्न सोडायचा नाही, आणि उत्तर मिळत नसेल, आत माणूसही नसेल, तर मागे सरून जळू द्यावं, आजूबाजूच्या इमारती तेवढ्या गार ठेवाव्यात. यात कमीपणा काही नाही.

कुणाला गॅस लागला असेल तर मोकळ्या हवेत न्या, डोळ्यात पावडर गेली तर निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, आणि खोकला थांबला म्हणून घरी पाठवू नका, फुप्फुसाला त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. पांढऱ्या फॉस्फरसचं वेगळं आहे. अंगावर चिकटला तर तो भाग पाण्यात बुडवून किंवा ओल्या फडक्यात ठेवूनच दवाखान्यात न्यायचा, सुकला की परत पेटतो. तेल किंवा तेलकट मलम अजिबात लावू नका, तो तेलात विरघळतो. कपड्यात किंवा जमिनीवर कण राहिलेत का बघायचं तर दिवे घालवा, अंधारात ते मंद हिरवट चमकतात.

विझल्यावर लगेच गाड्या वळवू नका. हा माल पुन्हा पेटतो, आतला गोळा गरम असेल तर वरून काही कळत नाही, थर्मल कॅमेरा असेल तर दर थोड्या वेळाने फिरवा. वाहून जाणारं पाणी नाल्यात जाऊ देऊ नका, वाळूच्या गोण्या लावून अडवा. हायड्रोज पाण्यातला ऑक्सिजन खातं, नाल्यातून ओढ्यात गेलं की मासे मरतात, म्हणून प्रदूषण मंडळाला फोन त्याच वेळी करा, दुसऱ्या दिवशी नको. आणि होज, बूट, सूट तिथेच धुऊन घ्या, पावडर लागलेले कपडे गाडीच्या केबिनमध्ये टाकू नका.

गोडाऊनवाल्यांना एक विनंती, पावसाआधी मे महिन्यातच छताचे पत्रे तपासा, ड्रम लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून लांब ठेवा, वापरून झालं की पिशवीचं तोंड घट्ट बांधा, मापायचा डबा कोरडाच असू द्या, आणि कोणतं केमिकल कुठल्या कोपऱ्यात किती आहे त्याची यादी जवळच्या फायर स्टेशनला द्या आणि एक गेटवर ठेवा, गोडाऊनच्या आत नको.