जुनं फोर-बाय-फोर डिझेल इंजिन: या चुका टाळा

जुन्या फोर-बाय-फोर (चारही चाकांना जोर देणाऱ्या) गाडीचं डिझेल इंजिन आपणहून क्वचितच बसतं. त्याला बसवतं ते आजूबाजूचं सामान: कूलंट, बेल्ट, रबरी होज. तरी गाडी जरा कुरकुरली की संशय आधी इंधनाच्या पंपावर आणि इंधन फवारणाऱ्या नोझलवर जातो, म्हणजे नेमका सगळ्यात महाग भागांवर.

खरा शत्रू उष्णता. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मधोमध ठाण मांडून राहील असाच बसवलेला असतो, त्यामुळे वर सरकतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी पूर्ण निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडून काटा चक्क खालीही येऊ शकतो. टोयोटाचं ३ लिटरचं १केझेड-टीई इंजिन एरवी दणकट, पण हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) तडे जाण्यासाठी बदनाम. गळती कुठेच नाही आणि कूलंट मात्र कमी होतंय, रात्रभर उभ्या गाडीच्या रेडिएटरचा वरचा होज सकाळीही टणक लागतोय, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येताहेत, यातलं एक जरी दिसलं तरी कूलंटमध्ये ज्वलनाचा गॅस उतरतोय का, याची चाचणी करून घ्या. तोवर गाडी चढावर दामटू नका.

'गरम होते ना, मग थर्मोस्टॅट काढून टाका' हा सल्ला अजून कसा टिकून आहे कळत नाही. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. काही इंजिनांत तो उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतं आणि गाडी आणखी तापते. त्यापेक्षा फॅन क्लच (रेडिएटरचा पंखा इंजिनाला जोडणारा भाग) तपासा आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला चिखल आतल्या, म्हणजे इंजिनाकडच्या, बाजूने पाणी मारून काढा. निव्वळ पाण्यावर गाडी चालवणंही नको, आतून गंज धरतो.

बेल्ट बदलताना मित्सुबिशीच्या ४डी५६ इंजिनवाल्यांनी विशेष जपावं. त्यात टायमिंग बेल्टमागे (हा व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ राखतो) बॅलन्स शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा, छोटा बेल्ट असतो. तो तुटून मोठ्या बेल्टमध्ये अडकला की टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. छोटा बेल्ट 'अजून चालेल' म्हणून तसाच ठेवणं ही खोटी काटकसर. जुन्या गाडीच्या बेल्टची नोंद नसेल तर दोन्ही बदलूनच टाका.

काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी. नोझल खोलण्याआधी एअर फिल्टर आणि टर्बोचे (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राचे) होज बघा, चिरलेला होज अनेकदा खालच्या बाजूला लपलेला असतो. निळा धूर ऑइल जळतंय म्हणून. थंडीत सुरुवातीला पांढरा धूर आला आणि इंजिन लंगडत असेल तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना आत उष्णता देणारे) तपासा.

सकाळी खूप सेल्फ मारावा लागतो, पण दिवसभर गाडी ठणठणीत? मग बहुतेक इंधनाची लाइन कुठेतरी हवा घेते. इंधनाच्या पंपाआधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा, बुडबुडे लगेच दिसतील. फिल्टरचे जोड, हँड प्रायमर (हाताने इंधन ओढायचा छोटा पंप) आणि जुने वॉशर आधी तपासा, पंप त्यानंतर.